पेट्रोल किती वेळ सोडायचं? जुन्या गाड्यांमधलं पहिलं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन

(सातारा आणि सांगली इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. दोन्हीकडच्या श्रोत्यांनी विचारलेले निवडक प्रश्न शेवटी एकत्र दिले आहेत.)



विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, की आपल्या भागात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या जुन्या गाड्या आहेत तरी किती? थोड्याच आहेत, मान्य. मग त्यावर तासभर कशाला बोलायचं?

दोन कारणं आहेत. पहिलं असं, की २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पहिलं यशस्वी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं १९६७ साली. म्हणजे या गाड्या आता कुठे व्हिंटेजच्या रांगेत येऊन बसल्यात. अशी गाडी बंद पडून गॅरेजला आली, की पहिला सल्ला काय मिळतो? “हे सगळं काढून टाका, कार्बोरेटर बसवा.” आणि मल्टिमीटर घेऊन दोन तासांत सापडला असता असा बिघाड न सापडता अख्खी सिस्टीम भंगारात जाते.

दुसरं कारण आपल्या शेतातलं आहे. उसापासून निघालेलं इथेनॉल आता आपल्याच पेट्रोलमध्ये येतंय. त्याचा या गाड्यांवर काय परिणाम होतो हे समजायचं, तर त्या आतून कशा विचार करतात ते आधी समजलं पाहिजे.

आजचं सगळं व्याख्यान एका वाक्यावर उभं आहे, तेवढं लिहून घ्या: यंत्र जे मोजतं, तेवढंच त्याला कळतं. बाकी सगळं त्याने गृहीत धरलेलं असतं.

कार्बोरेटर मोजतो ते कसं?

पेट्रोल पूर्ण जळायला हवा किती लागते? वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. हे प्रमाण सांभाळणं हेच काम, मग ते कार्बोरेटर करो की कॉम्प्युटर.

कार्बोरेटरची युक्ती फार सुंदर आहे. हवेच्या वाटेत एक आवळलेला गळा असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि तो कमी झालेला दाब जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढून घेतो. हवा जास्त आली की ओढ जास्त, पेट्रोलही जास्त. मोजणारा, ठरवणारा आणि पेट्रोल देणारा, तिघेही एकच. पद्मिनीचा सोलेक्स घ्या, नाहीतर आपल्या साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली प्रिया घ्या, तत्त्व तेच.

अडचण अशी की इंजिनाच्या गरजा सारख्या बदलतात. गार इंजिनाला जास्त पेट्रोल हवं, म्हणून चोक. एकदम रेस दिली की क्षणभर जास्त हवं, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर पंप. आयडलिंगला हवेची ओढच नसते, म्हणून वेगळा स्लो जेट. प्रत्येक अडचणीला एक जोडभोक, एक स्प्रिंग, एक स्क्रू. हे सगळं जमवणारे मेस्त्री आपल्याकडे होते आणि आहेत. मिरजेला सतारीची जवारी कानाने लावतात ना, तसे हे लोक स्क्रूड्रायव्हर हातात धरून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि पाव फेऱ्यात गाडी सुरात आणतात. ही थट्टा नाही, खरी विद्या आहे.

पण कानाला एक गोष्ट ऐकू येत नाही, आणि ती म्हणजे आपण लावलेला सूर दुसऱ्या गावात टिकेल की नाही.

सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. सांगलीत सेट केलेली गाडी घेऊन तुम्ही पेठ नाका, कऱ्हाड, सातारा करत मेढ्यावरून केळघर घाट चढलात. वर हवा विरळ. हिशेब केला तर तिची घनता ७ ते ८ टक्क्यांनी कमी भरते. इंजिनात शिरणारी हवा वजनाने तेवढीच घटते. पेट्रोल मात्र तेवढं घटत नाही, कारण जेटमधून येणारं पेट्रोल दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. ते घटतं ४ टक्क्यांच्या आसपास. परिणाम काय? मिश्रण जवळपास ४ टक्क्यांनी गडद होतं. गाडी जड वाटते, प्लगवर काजळी धरते, एव्हरेज जातं. कार्बोरेटर बिघडलेला नसतो. हवा विरळ झाली हे त्याला कळायला मार्गच नसतो, कारण तो हवेचं वजन मोजतच नाही.

४ टक्के हा आकडा ध्यानात असू द्या. पुढे लागणार आहे.

इंजेक्शन आपल्याला नवं नव्हतं

‘इंजेक्शन’ म्हटलं की लोकांना वाटतं शहरातली नवी भानगड. पण सातारा रोडच्या कूपर कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिनं बनत होती. किर्लोस्करांची, म्हणजे किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या घराण्याची, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ला पुण्यात सुरू झाली. कृष्णाकाठच्या उपसा पंपांवर ही इंजिनं कैक वर्षं धडधडली. डिझेल म्हणजे इंजेक्शन आलंच. पंपाचं कॅलिब्रेशन, नोझल टेस्टिंग या पाट्या आपल्या बाजारपेठांत जुन्याच.

आणि ‘मायको’? मायकोचे प्लग माहीत नाहीत असा गॅरेजवाला सापडायचा नाही. मायको म्हणजे बॉश या जर्मन कंपनीची भारतातली शाखा, १९५१ ला बेंगळुरूत सुरू झालेली. पेट्रोलचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन ज्यांनी चालवून दाखवलं, ती हीच बॉश.

पण डिझेल आणि पेट्रोल यांच्या पद्धतीत मोठा फरक आहे. जुन्या डिझेल पंपात एक बारीक दट्ट्या प्रत्येक वेळी मोजून डिझेल ढकलतो, तेही शंभर-दोनशे बार दाबाने. मोजमाप पंपातच, म्हणून पंप महाग आणि नाजूक. पेट्रोलच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाल्यांनी विचार उलटा केला. पंप साधा ठेवा, दाब कमी ठेवा पण कायम ठेवा, आणि मोजायचं ते फक्त वेळेत.

ठिबकचं गणित

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे आम्ही समजावून सांगायची गरज नाही. ठिबकला काय करता? मोटर चालू, फिल्टर साफ, दाब ठरलेला. दाब जास्त झाला तर बायपासमधून पाणी परत विहिरीत. ड्रिपरमधून तासाला किती लिटर पडतं ते ठरलेलं. मग झाडाला पाणी कमी-जास्त द्यायचं कसं? व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, एवढंच ठरवायचं.

इंजेक्शनच्या गाडीत हुबेहूब हेच आहे. टाकीजवळ विजेचा पंप, पुढे फिल्टर, मग दाब सांभाळणारा रेग्युलेटर, जादा पेट्रोल रिटर्न पाइपने परत टाकीत. ड्रिपरच्या जागी इंजेक्टर. त्याच्यात एक तारेचं वेटोळं असतं. वीज दिली की सुई उचलली जाते आणि पेट्रोल उडतं, वीज तोडली की बंद. दाब साधारण २ बार. आणि वेळ? सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे मिलिसेकंद धरा, तर अंदाजे २ ते १० मिलिसेकंद. इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना एका सिलिंडरचं पूर्ण चक्र ४० मिलिसेकंदांत होतं. त्या ४० पैकी व्हॉल्व्ह किती वेळ उघडायचा, हाच काय तो प्रश्न.

ठिबकमध्ये हा वेळ कोण ठरवतो? शेतकरी. माती चाचपून, ऊन बघून. गाडीत तो ठरवतो एक डबा. त्या डब्याला माती कोण चाचपून देणार, इथे खरी कसोटी होती.

पहिला प्रयत्न: १९५७-५८

अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची सिस्टीम काढली. १९५७ च्या रॅम्बलर रेबेल गाडीवर ती जाहीर झाली, पण गिऱ्हाइकाच्या हाती जवळजवळ पोचलीच नाही. १९५८ ला क्रायस्लरने आपल्या क्रायस्लर, डीसोटो, डॉज आणि प्लिमथ या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांवर ती दिली.

ही नावं जुन्या मंडळींना ओळखीची वाटतील. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा क्रायस्लरशी करार होता आणि कुर्ल्याच्या कारखान्यात त्यांच्या गाड्या जोडल्या जात. तेच वालचंद, ज्यांचं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. अर्थात इलेक्ट्रोजेक्टर तिकडेच राहिला. बसवला तोही मोजक्या काही डझन गाड्यांवर, आणि त्यातल्या बहुतेकांचा पुढे काढून कार्बोरेटर लावला गेला.

का फसला? कल्पना चुकीची नव्हती. इंजेक्टर, कायम दाब, वेळेचं मोजमाप, सगळं त्यात होतं. फसले ते सुटे भाग. त्या काळचे कागद आणि मेणाचे कपॅसिटर उष्णतेने, दमटपणाने आपली किंमत बदलायचे. कपॅसिटर बदलला की वेळ बदलली, वेळ बदलली की पेट्रोल बदललं. म्हणजे घड्याळच पुढे-मागे धावत होतं. इथेही वाक्य तेच: त्या डब्याला स्वतःचं घड्याळ चुकतंय हे कळायला काही साधन नव्हतं.

१९६७: डी-जेट्रॉनिक

बॉशने बेंडिक्सच्या पेटंटचे हक्क घेतले आणि काम पुढे नेलं. तोवर चांगले ट्रान्झिस्टर आले होते. दुसरं म्हणजे अमेरिकेत धुराचे नियम आले. १९६८ च्या मॉडेलपासून ते देशभर लागू झाले, आणि अमेरिकेत गाड्या विकायच्या तर धूर कमी करणं फोक्सवॅगनला भाग होतं. म्हणून १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर पहिलं डी-जेट्रॉनिक आलं. पाठोपाठ मर्सिडीज, व्होल्वो, साब, सिट्रोएन, पोर्शे यांनी घेतलं.

‘डी’ म्हणजे जर्मनमध्ये ‘ड्रुक’, दाब. ही सिस्टीम हवा थेट मोजत नाही. ती इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजते. कसा? बॅरोमीटरमध्ये असते तशी हवा काढून घेतलेली पातळ पत्र्याची डबी आत असते. दाब बदलला की डबी फुगते-आकसते, तिच्याबरोबर लोखंडाचा तुकडा एका कॉइलमध्ये सरकतो आणि कॉइलचा विजेचा गुण बदलतो. त्यावरून डबा पेट्रोलचा वेळ ठरवतो.

बाकी माहिती कुठून येते? इंजिनाचा वेग आणि फवारणीची वेळ डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी असलेल्या दोन कॉन्टॅक्ट पॉइंटवरून. चार सिलिंडरच्या गाडीत इंजेक्टर दोन-दोनच्या जोडीने उडतात. इंजिन गार आहे की गरम हे तापमानाच्या सेन्सरवरून. पाय उचललाय की दाबलाय हे थ्रॉटलच्या स्विचवरून. आणि डब्यात? आजच्यासारखी चिप नाही, प्रोग्रॅम नाही. सुटे ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ उघडलेल्या माणसाला तो डबा परका वाटणार नाही.

आता ही गाडी केळघर घाट चढवा. वर हवा विरळ, मॅनिफोल्डमधला दाब कमी, डबीला तो लगेच कळतो, व्हॉल्व्ह कमी वेळ उघडतो. जेटला जे कळत नव्हतं ते हिला कळतं. कुठलाही स्क्रू न फिरवता गाडी महाबळेश्वरच्या बाजारात शांत आयडलिंगला उभी राहते.

मग हिला काय कळत नाही? इंजिन म्हातारं झालंय हे! दाब अमुक असेल तर हवा तमुक शिरते, असा हिशेब नव्या इंजिनावर बांधलेला असतो. व्हॉल्व्ह झिजले, सायलेन्सर बदलला, की दाब तोच राहूनही हवा वेगळी शिरते. म्हणून १९७३-७४ मध्ये बॉशने एल-जेट्रॉनिक आणलं. ‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, हवा. इथे हवेच्या वाटेत एक झडप असते. हवा तिला जेवढी ढकलेल तेवढं पेट्रोल. आता इंजिन म्हातारं असलं तरी खरी आत गेलेली हवाच मोजली जाते.

पण गंमत बघा. झडपेवर पडणारा जोर हवेच्या वेगावर आणि घनतेवर मिळून अवलंबून असतो, म्हणजे तिथे पुन्हा तेच वर्गमूळ आलं. त्यामुळे घाटात एल-जेट्रॉनिकची चूक जवळपास कार्बोरेटरएवढीच! काही देशांतल्या गाड्यांना त्यासाठी उंचीचा वेगळा सेन्सर जोडावा लागला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तापलेल्या तारेवरून हवेचं थेट वजन मोजणारी पद्धत आली तेव्हा हा प्रश्न मुळातून सुटला. नवं म्हणजे सगळ्या बाजूंनी सरस असं नसतं. प्रत्येक सिस्टीम काहीतरी मोजते आणि काहीतरी गृहीत धरते.

एक शेवटची पायरी. १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर लावला. तोवर गाडी फक्त आत काय जातं ते बघत होती. आता बाहेर काय पडतं ते बघून आपली चूक सुधारायला लागली. स्वयंपाक करताना मीठ मोजून टाकणं वेगळं आणि आमटी चाखून बघणं वेगळं, तसंच हे.

आपल्याकडे

भारतात हे सगळं उशिरा आलं. १९९५ ला मर्सिडीजने पुण्यात गाड्या जोडायला सुरुवात केली. त्याच सुमारास देवू सिएलो आली, १९९८ ला सॅन्ट्रो. १ एप्रिल २००० पासून देशभर युरो-१ च्या तोडीचे नियम आले आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर हटत गेला. गॅरेजमध्ये ‘एमपीएफआय’ हा शब्द तेव्हाच रुळला. दुचाकींची पाळी १ एप्रिल २०२० ला बीएस-६ बरोबर आली. म्हणजे आज तुमच्या मुलीच्या स्कूटरमध्ये जे आहे, ते १९६७ च्या फोक्सवॅगनचंच नातवंड आहे.

आता उसाकडे

जून २०२२ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर २० टक्क्यांचं, म्हणजे ई-२० पेट्रोल आलं, आणि २०२५ पर्यंत ते सर्रास झालं. ऊसपट्ट्याला याचा काय फायदा हे आम्ही सांगायला नको. साखरेशिवाय कारखान्याला दुसरं उत्पन्न मिळालं. या धोरणावर आज बोलायचं नाही. आज बोलायचंय ते गाडीवर.

पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो म्हणून. दोन्हींचं मिश्रण केलं तर ई-२० ला लागते साधारण १३.५ भाग हवा. म्हणजे जुन्या सेटिंगवर ई-२० टाकलं तर मिश्रण जवळपास ८ टक्क्यांनी पातळ होतं.

आता तो आधीचा आकडा आठवा. सांगलीहून महाबळेश्वरला चढताना कार्बोरेटर ४ टक्क्यांनी चुकत होता. ई-२० मुळे होणारी चूक त्याच्या दुप्पट आहे, उलट्या दिशेची आहे, आणि ती घाट उतरल्यावर जात नाही.

लॅम्डा सेन्सरची गाडी आमटी चाखते, पातळपणा ओळखते आणि वेळ वाढवून घेते. डी-जेट्रॉनिक चाखत नाही. त्याला दाब कळतो, तापमान कळतं, वेग कळतो. टाकीत काय ओतलंय हे कळायला त्याच्यापाशी काहीही नाही. पातळ मिश्रणावर गाडी गार असताना लवकर सुरू होत नाही, उचल देताना अडखळते, चढाला तापते. मेस्त्री म्हणतो, “कॉम्प्युटर गेला.” कॉम्प्युटर ठणठणीत असतो. तो सांगितलेलं काम बरोबर करतोय, पेट्रोल बदललंय.

याला उपाय आहे. डी-जेट्रॉनिकचा प्रेशर रेग्युलेटर स्क्रू आणि लॉकनटने ॲडजस्ट करता येतो. पेट्रोल ८ टक्क्यांनी वाढवायचं तर दाब किती वाढवायचा? पुन्हा वर्गमूळ: साधारण १७ टक्के. म्हणजे २ बारचे अंदाजे २.३ ते २.३५ बार. गेज लावूनच करायचं, आणि नंतर धुराची तपासणी करून, प्लगचा रंग बघून खात्री करायची. एल-जेट्रॉनिकच्या रेग्युलेटरला सहसा असा स्क्रू नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

दुसरी गोष्ट मात्र प्रमाणाची नाही, जिवाची आहे. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, तडकवतं. कार्बोरेटरच्या गाडीत पाइप गळला तर थेंब पडतात. इंजेक्शनच्या गाडीत २ बार दाबाखालचं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर फवारा होऊन उडतं. पन्नास वर्षांच्या गाडीत मूळचे पाइप असतील तर आधी ते बदला, बाकी सगळं नंतर. इंजेक्शनसाठीचाच, आतून फ्लुओरोकार्बनचं अस्तर असलेला होज घ्या. साधा पेट्रोल पाइप आणि तारेने आवळलेली गाठ, हे चालणार नाही म्हणजे नाही.

बिघाड शोधताना

अशी गाडी दारात आली तर क्रम असा ठेवा.

पहिलं, बॅटरी आणि अर्थिंग. इंजिन, बॉडी आणि डबा यांची अर्थ घासून स्वच्छ करा.

दुसरं, चावी फिरवल्यावर पंप क्षण-दोन क्षण गुणगुणतो का ते ऐका. मग गेज लावून दाब बघा.

तिसरं, व्हॅक्यूमचे सगळे पाइप. डी-जेट्रॉनिकचे डोळे म्हणजे तो एक पाइप आहे. तो तडकला की गाडी आंधळी.

चौथं, तापमानाचा सेन्सर. बॉशचा हा सेन्सर २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम दाखवतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. वायर तुटली की डब्याला वाटतं बाहेर हिमालय आहे, आणि तो पेट्रोल ओतत सुटतो.

पाचवं, डिस्ट्रिब्युटरखालचे पॉइंट आणि सगळे सॉकेट. हिरवट गंज साफ करा.

आणि हे सगळं झाल्यावर, शेवटी, डबा.

एक सावधगिरी. डी-जेट्रॉनिकचे इंजेक्टर दोन-तीन ओहमचे असतात, त्यांच्या आधी रेझिस्टर असतो. तपासायला म्हणून बॅटरीचे १२ व्होल्ट सरळ लावलेत तर कॉइल जळेल.

आमच्या अनुभवात बहुतेक वेळा बिघाड पहिल्या पाच पायऱ्यांतच सापडतो: वायर, रबर, अर्थ, गंज. यातलं काय आपल्या आयटीआयच्या मुलाला जमणार नाही?

प्रश्नोत्तरं

*प्रश्न (सातारा): सर, एवढी यातायात करण्यापेक्षा कार्बोरेटर बसवला तर बिघडतं काय?*

गाडी चालते, नाकारत नाही आम्ही. पण या इंजिनांचे इनटेक पाइप फक्त हवा न्यायला बनवलेले असतात, पेट्रोलचे थेंब वाहून न्यायला नाही. त्यातून मिश्रण नेलं तर काही सिलिंडरना जास्त, काहींना कमी पोचतं. गार असताना पेट्रोल पाइपाच्या भिंतीवरच बसतं. शिवाय गाडीचं मोल तिच्या मूळपणात आहे. तरी बदलायचंच ठरलं, तर एक विनंती: काढलेला प्रत्येक तुकडा, वायरिंगसकट, खोक्यात नाव लिहून ठेवा. पुढच्या माणसाला परत बसवता येईल. भंगारवाल्याला दिलेला प्रेशर सेन्सर पुन्हा मिळवताना काय नाकी नऊ येतात ते शोधणाऱ्याला विचारा.

*प्रश्न (सांगली): डबा खरोखरच गेला असेल तर? तो कोण दुरुस्त करणार?*

रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती केलेला जुना माणूस गाठा. डी-जेट्रॉनिकच्या डब्यात सगळे सुटे भाग आहेत, प्रत्येकाचे पाय दिसतात. सुटलेलं सोल्डर, म्हातारे कपॅसिटर, असलेच प्रकार बहुधा निघतात. नंतरच्या चिपवाल्या डब्यांपेक्षा हा दुरुस्तीला सोपा आहे. गाड्यांचा मेस्त्री आणि रेडिओचा मेस्त्री एका बाकावर बसले पाहिजेत, एवढंच.

*प्रश्न (सांगली): माझी पद्मिनी आहे. ई-२० साठी जेट बदलू का?*

आधी पाइप, डायफ्रॅम आणि पॅकिंग बघा. जेटचं म्हणाल तर सोलेक्सच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. पेट्रोल ८ टक्के वाढवायला व्यास साधारण ४ टक्के वाढवावा लागतो, म्हणजे १२० चा १२५. एक पायरी वर जा, प्लग बघा, मग ठरवा. भोक सुईने मोठं करू नका. त्याचा आकारही बिघडतो आणि आकडाही खोटा ठरतो.

*प्रश्न (सातारा): पेट्रोलमध्ये टाकायची औषधं मिळतात, त्यांनी भागेल का?*

गंज आणि पाणी धरणं यावर काही औषधांचा थोडाफार उपयोग होऊ शकतो. पण १३.५ चे १४.७ कुठलीही बाटली करू शकत नाही, आणि फुगलेलं रबर पूर्ववत करू शकत नाही. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, हेही लक्षात ठेवा. टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका, आणि पंधरवड्यातून एकदा तरी गाडी नीट गरम होईपर्यंत चालवा.

*प्रश्न (सातारा): मी आयटीआयला आहे. सुरुवात कुठून करू?*

चार गोष्टी घे: मल्टिमीटर, पेट्रोलच्या दाबाचं गेज, टेस्ट लॅम्प आणि त्या गाडीचा वायरिंग डायग्राम. मग समोर येईल त्या गाडीला एकच प्रश्न विचार, की ही काय मोजते? दाब, हवा, की धूर? जे मोजत नाही तिथे बिघाड लपतो. हा प्रश्न १९६७ च्या गाडीला लागू आहे, आणि तू ज्या दुचाकीवरून आज इथे आलास तिलाही.

वायरिंग डायग्रामच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जा.